लिफ्ट रुसते ती दारापाशी

मी जर्मनीत, मानहाइमला, लिफ्ट मेकॅनिक आहे हे कळलं की फोनवर एक प्रश्न हमखास येतो: "अरे, पण दोर तुटला तर?" तो आधी निकालात काढतो. ऑफिसच्या इमारतीत दोरांवर चालणारी लिफ्ट एका दोरावर कधीच नसते. दोर अनेक असतात. तीन किंवा त्याहून जास्त पोलादी दोर असतील, तर युरोपातल्या नियमाप्रमाणे सुरक्षागुणक किमान 12 लागतो. म्हणजे भरलेल्या केबिनचा जेवढा भार येणार, त्याच्या बारा पट पेलायची ताकद. समजा, तरीही केबिन खाली सुटलीच, तर वेग मर्यादेबाहेर जाताच गव्हर्नर, म्हणजे वेगावर नजर ठेवणारं यंत्र, अडकतो आणि केबिनचा सेफ्टी गिअर, म्हणजे आणीबाणीचा ब्रेक, दोन्ही बाजूंचे गाईड रेल, म्हणजे केबिन ज्यांवरून सरकते ते रूळ, घट्ट पकडतो. तुटलेल्या तारा दिसतात का, सगळ्या दोरांवर ताण सारखा आहे का, हे मी दर फेरीत बघतो आणि पुढे जातो.

खरी डोकेदुखी दाराची.

मजल्यावरच्या दाराला स्वतःची मोटर नसते. केबिन मजल्यावर आली की केबिनचं दार त्याला पकडून सोबत ओढतं. दार मिटल्यावर कुलुपाचा हूक किमान 7 मिलिमीटर आत जायला हवा आणि विजेचा कॉन्टॅक्ट जुळायला हवा. त्याशिवाय केबिन हलत नाही. गजबजलेल्या इमारतीत हा खेळ दिवसभर अखंड चालतो. त्यात सामानाच्या ट्रॉल्या दाराच्या पत्र्याला धडकतात, कुणी मित्रासाठी पाय घालून दार अडवतं, खालच्या खोबणीतून सरकणारे गाईड शू झिजत जातात.

इथे हिवाळ्यात बर्फावर घसरू नये म्हणून फुटपाथवर बारीक खडी टाकतात. ती बुटांच्या तळव्यात अडकून थेट तळमजल्याच्या लिफ्टपर्यंत येते. जानेवारीतला एक ठरलेला कॉल सांगतो. तक्रार असते, "लिफ्ट वेड्यासारखी दार उघडझाप करतेय." कंट्रोलरची मेमरी उघडली की 'दार बंद होत नाही' हा एकच फॉल्ट ओळीने. मी गुडघ्यावर बसतो, टॉर्च खोबणीत धरतो, आणि कोपऱ्यात मसुराच्या दाण्याएवढा खडा दिसतो. स्क्रू ड्रायव्हरने उकरायचा, ब्रश मारायचा, व्हॅक्यूम फिरवायचा, मग दार हाताने पूर्ण सरकवून कुठे अडतं का ते बघायचं. भाडेकरूंना वाटतं मोटर बदलली असेल. मीही फार खोलात सांगत बसत नाही.

केबिनच्या छतावर चढण्याची मात्र एक रीत आहे आणि ती कितीही घाई असली तरी मोडायची नाही. आधी मजल्यावर अडथळा उभा करायचा. मग दार किल्लीने उघडून, बाहेरूनच हात घालून छतावरचा स्टॉप स्वीच दाबायचा, दार मिटून लिफ्ट खरंच चालत नाही ना हे तपासायचं, तसंच इन्स्पेक्शन मोडचं, म्हणजे छतावरूनच लिफ्ट सावकाश चालवायच्या सोयीचं. पाय त्यानंतर. मला शिकवणारा मेकॅनिक निवृत्तीला टेकला होता, तरी प्रत्येक वेळी या सगळ्या पायऱ्या पहिल्यांदाच करतोय अशा गांभीर्याने करायचा.

ऑफिसच्या इमारतीत वेळ सांभाळणं हेही कामच. तीनपैकी एक लिफ्ट सकाळच्या गर्दीत बंद ठेवली, तर हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची व्यवस्था पाहणारा माणूस, माझ्याशी दिवसभर बोलत नाही.

हे शहर या धंद्याचं जणू माहेर आहे. 1880 साली इथल्याच प्रदर्शनात वेर्नर फॉन सीमेन्स यांनी विजेवर चालणारी पहिली लिफ्ट लोकांना दाखवली. त्याआधी 1865 मध्ये इथल्या एका बिअरच्या कारखान्यात वाफेचा बॉयलर फुटला होता. त्यातून धडा घेऊन 1866 मध्ये बॉयलरमालकांनीच स्वतंत्र तपासणीसाठी संघटना काढली. आज टीयूव्ही नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थांची ती सुरुवात. म्हणून इथे दुरुस्ती करणारा आणि तपासणारा वेगळे. मी कितीही छान काम केलं, तरी जास्तीत जास्त दोन वर्षांनी मान्यताप्राप्त संस्थेचा माणूस मुख्य तपासणीला येतो, आणि मध्ये एक छोटी तपासणी असते. पुढची तपासणी कोणत्या महिन्यात, ते सांगणारं स्टिकर केबिनमध्ये लावलेलं असतं. मला हे आवडतं. कुणीतरी तिऱ्हाईत आपलं काम उलगडून बघणार आहे, हे माहीत असलं की हात आपोआप नीट चालतो.

लोकांचा आणखी एक गैरसमज म्हणजे लिफ्टची जबाबदारी आमच्या कंपनीची. कायद्याने ती लिफ्ट चालवणाऱ्याची, म्हणजे बहुधा इमारतमालकाची. आणि तिथेच काही मालक काटकसर करतात. स्वस्त करारात तपासणी आणि ग्रीस-तेल, सुटे भाग बदलले की वेगळं बिल. महाग करारात सुटे भागही कंपनीच्या अंगावर. स्वस्त करार वाईट असतोच असं नाही, पण "अजून चालतंय ना, मग राहू दे" हे वाक्य मला तिथेच ऐकायला मिळतं. झिजलेला दाराचा रोलर आज बदलला नाही, तर कुणीतरी आत अडकल्यावर बदलावा लागतो, आणि तोही रात्रीच्या दराने.

अडकल्यावर काय करायचं, हेही विचारतात सगळे. केबिनमधलं अलार्मचं बटण दाबून धरायचं. ते चोवीस तास माणसं असलेल्या केंद्राला जोडलेलं असतं, आणि मदत साधारण अर्ध्या तासात पोहोचावी अशी अपेक्षा असते. केबिन हवाबंद नसते, त्यामुळे गुदमरण्याची भीती काढून टाका. दार हाताने उघडायला मात्र जाऊ नका. केबिन दोन मजल्यांच्या मध्ये असेल, तर अर्धवट उघड्या दारातून उडी मारताना पाय घसरला की माणूस केबिनच्या खालच्या फटीतून शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्टच्या उभ्या पोकळीत, जातो. आत बसून राहणाऱ्याला तसा काही धोका नसतो, फक्त कंटाळा येतो.