लाल पाटी, निळी पाटी

आमच्या गॅस स्टेशनच्या दारावर एक निळी पाटी आहे. ती मीच चिकटवली आणि सहा वर्षं मी ती वाचली नव्हती.

ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटीच्या बाजूला आमचं दुकान. बियर आणि वाइन विकायचा परवाना घेतला तेव्हा टेक्सासच्या मद्य आयोगाच्या, म्हणजे टीएबीसीच्या, नियमाप्रमाणे ज्या पाट्या लावाव्या लागतात त्यातली ही एक. दारूच्या बाजूचे नियम मला तोंडपाठ होते. सोमवार ते शुक्रवार रात्री 12 ला बियरच्या फ्रीजला कुलूप, शनिवारी रात्री 1 ला, आणि रविवारी सकाळी 10 च्या आधी कुणी कितीही गयावया केली तरी कॅन द्यायचा नाही. निळ्या पाटीवर हत्याराबद्दल काहीतरी आहे एवढंच ठाऊक. आपल्याकडे कुठे हत्यार आहे, म्हणून मी ते डोक्यात घेतलंच नाही.

मग पलीकडच्या चौकातल्या दुकानदाराला गल्ला घेऊन गाडीकडे जाताना दोघांनी अडवलं. पैसे गेले, डोक्याला टाके पडले. त्या आठवड्यात बायकोने पहिल्यांदा विचारलं, "तू रात्री एकटाच पैसे आणतोस ना रे?" आणि तिनेच पुढच्या महिन्यात, मी पिस्तूल घ्यायचं ठरवल्यावर, चार दिवस अबोला धरला.

मी नोकरीच्या एच-1बी व्हिसावर होतो तोवर हा विषयच नव्हता. त्या व्हिसावरच्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायलाच मनाई आहे. शिकारीचा परवाना असला तर सूट, असे मोजके अपवाद. ग्रीन कार्डवाल्याला ती अडचण नाही. आपल्यातले कित्येक जण व्हिसाची प्रत्येक तारीख लक्षात ठेवतात आणि ही गोष्ट मात्र त्यांच्या कानावरही आलेली नसते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

बंदूक घरात असणं मला अगदीच नवीन नव्हतं. कऱ्हाडजवळ आमच्या गावी चुलत्यांकडे, म्हणजे अण्णांकडे, बारा बोअरची बंदूक होती. तिचा परवाना हे घरातलं सगळ्यात जपलेलं पुस्तक. देवघराच्या फडताळात, सातबाऱ्याच्याही वर. निवडणूक लागली की अण्णा ती बंदूक पोत्यात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करायला निघायचे. मी सायकलवर मागे बसायचो, बंदूक माझ्या मांडीवर आडवी. ठाण्यातून पावती घ्यायची, निकाल लागल्यावर पुन्हा सोडवून आणायची. ती बंदूक कुणी झाडली असेल, तर मी तरी पाहिलं नाही.

टेक्सासमध्ये 1 सप्टेंबर 2021 पासून 21 वर्षांवरच्या माणसाला, कायद्याने मनाई नसेल तर, परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं. "मग परवान्याच्या वर्गात जाऊन कशाला बसतोस?" असं मला तीन जणांनी विचारलं. पहिलं कारण अगदी साधं: आमच्या दुकानाचा रस्ता एका प्राथमिक शाळेवरून जातो. शाळेच्या 1000 फुटांच्या आत भरलेलं पिस्तूल नेण्यावर केंद्रीय कायद्याची बंदी आहे आणि राज्याचा परवाना असलेल्याला तिच्यातून सूट आहे. म्हणजे परवाना नसता तर मी रोज सकाळ-संध्याकाळ गुन्हा करत दुकानात गेलो असतो. दुसरं म्हणजे, शेजारच्या राज्यांत गेलं की टेक्सासचं कार्ड उपयोगी पडतं. आणि तिसरं, मला कुणीतरी समोर बसवून नीट शिकवायला हवं होतं.

एका शनिवारी वर्ग झाला. कायद्याने तो 4 ते 6 तासांचा असतो. आमचा 5 तास चालला. शिकवणारे गृहस्थ निवृत्त पोलीस, मिशीला पीळ, आवाज मात्र कीर्तनकाराचा. अर्धा वेळ त्यांनी भांडण कसं टाळायचं हेच सांगितलं. दारूचा विषय निघाला तेव्हा त्यांनी विचारलं, "इथे दारू विकणारं कोण आहे?" मी शाळकरी उत्साहाने हात वर केला.

"दारावर पाटी कुठल्या रंगाची?"

"निळी."

"काय लिहिलंय तिच्यावर?"

मी गप्प. मागच्या बाकावरच्या आजीबाई, सत्तरीच्या तरी असतील, हसून म्हणाल्या, "बेटा, बिनवाचता चिकटवलीस होय!" वर्गभर हशा. माझी बायको पुण्याची. आयुष्यभर पाट्या वाचण्यात गेलेल्या सासरवाडीचा मी जावई, आणि स्वतःच्या दारावरची पाटी मला माहीत नाही.

तर त्या पाट्यांचं असं आहे. दारूचा परवाना असलेल्या जागेवर दोन रंगांपैकी एक पाटी असते. निळी म्हणजे इथे बेकायदा हत्यार आणलंत तर शिक्षा. कायद्याने चालणाऱ्याला ती अडवत नाही. किराणा दुकान, आमच्यासारखं गॅस स्टेशन आणि जेवणावर चालणारी बहुतेक हॉटेलं निळ्यात मोडतात. लाल पाटी वेगळी. तिच्यावर निदान 5 इंच उंचीचा '51%' हा लाल आकडा असतो, मजकूर इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत. या धंद्याच्या उत्पन्नाचा 51 टक्के किंवा जास्त भाग तिथेच बसून प्यायच्या दारूतून येतो, असा त्याचा अर्थ. तिथे परवाना असलेल्यालाही पिस्तूल घेऊन आत जाता येत नाही. गेलात तर तो थर्ड डिग्री फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा: 2 ते 10 वर्षांची कैद आणि 10,000 डॉलरपर्यंत दंड. फेलनी लागली की पिस्तूल तर जातंच; ग्रीन कार्डवाल्याने तर तो शब्द रात्री झोपतानाही उच्चारू नये.

माझी समजूत अशी होती की बार म्हणजे बंदी आणि रेस्टॉरंट म्हणजे परवानगी. कायदा जागेच्या तोंडाकडे बघतच नाही, तो गल्ल्याकडे बघतो. दुकानदार असून हे मला सुचायला हवं होतं. आमच्याजवळच्या एका मेक्सिकन रेस्टॉरंटमध्ये दारातून शिरल्या शिरल्या वीस फुटी बार आहे, मार्गारीटाचे ग्लास परातीएवढे, आणि दारावर पाटी निळी. कारण फहिताच एवढा खपतो की दारू त्याच्या मागे पडते. उत्पन्नाचा हिशेब टीएबीसी ठरवते, आपण डोळ्यांनी ठरवायचा नसतो.

लेखी परीक्षा सोपी गेली. मग नेमबाजीच्या रेंजवर 50 गोळ्या: 3 यार्डांवरून 20, 7 यार्डांवरून 20 आणि 15 यार्डांवरून 10. 250 पैकी 175 गुण लागतात, मला 221 मिळाले. शेजारच्या लेनमध्ये त्याच आजीबाई होत्या. त्यांच्या कागदाच्या मधोमध एकच मोठं भोक दिसत होतं. राज्याची फी 40 डॉलर, बोटांचे ठसे वेगळे, अर्ज ऑनलाइन. काही आठवड्यांत कार्ड पोस्टाने आलं. कलेक्टर कचेरीतले अण्णांचे हेलपाटे आठवून मला जरा लाजच वाटली.

खरी परीक्षा झाली एप्रिलात. मित्राची पन्नाशी होती, क्रॉफिशचा, म्हणजे गोड्या पाण्यातल्या झिंग्यासारख्या प्राण्याचा, मोसम, आणि त्याने शहराबाहेरची एक जागा ठरवली होती. मी दुकानातून परस्पर आलो, त्यामुळे पिस्तूल कंबरेलाच, शर्टाच्या आत. बाहेर लांब बाकं, त्यांच्यावर वर्तमानपत्रं अंथरलेली, पोरं घसरगुंडीवर, तळलेल्या कॅटफिशचा वास. याहून कौटुंबिक जागा ती कोणती! आत जायचं दार सताड उघडं आणि परत मिटू नये म्हणून त्याला खुर्ची लावलेली. मी उंबऱ्यापाशी पोचलो होतो. तेवढ्यात बायकोने माझी बाही धरली.

"त्या दारामागे लाल काहीतरी आहे."

दार मागे भिंतीला टेकल्यामुळे त्याची पुढची बाजूच दिसत नव्हती. तिने खुर्ची सरकवून दार जरा ओढलं. काचेवर क्रॉफिशचं पोस्टर, पाउंडाचा भाव, शुक्रवारच्या बँडचं नाव, आणि पोस्टरच्या कडेतून डोकावणारा लाल '51'. टक्क्याचं चिन्ह पोस्टरखाली गेलं होतं. दिवसा ते जेवणघर होतं, पण रात्री बँड सुरू झाला की बियर वाहायची. वर्षाच्या हिशेबात रात्रीच जिंकत होती.

पाटी नीट दिसेल अशी लावलेली नसेल तर कोर्टात तो बचाव होऊ शकतो, हे मला वर्गात सांगितलं होतं. पण बचाव म्हणजे आधी अटक, वकील, जामीन आणि मग बचाव. मी वळलो. बंदी इमारतीच्या आत असते. वाहनतळ आणि पदपथ तिच्यात धरत नाहीत. गाडीत बसून दार लावलं, होल्स्टरसकट, म्हणजे म्यानासकट, पिस्तूल काढलं. होल्स्टरमधून नुसतं पिस्तूल बाहेर काढायचं नाही, हे त्या कीर्तनकारांनी दहा वेळा बजावलं होतं. गाडीत हाताळताना चुकून सुटलेल्या गोळीची गोष्ट त्यांनी आपल्या मांडीवर हात ठेवून सांगितली होती, पुढे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. सीटखाली पोलादी पेटी आहे, जाड केबलने सीटच्या पायाला जखडलेली. तिच्यात ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात. परत आलो तर बायको दारातच उभी. मी न विचारता म्हणाली, "माझं वाचन कामाला आलं." त्या दिवसापासून तिची नाराजी संपली असं मी धरतो.

आता नवीन जागी जायचं असलं की मी आधी टीएबीसीच्या संकेतस्थळावर त्या धंद्याचा परवाना शोधतो. तिथे पाटीचा रंगही दिलेला असतो. तरी दारावर जे असेल तेच मी खरं मानतो. आणि निळी पाटी दिसली म्हणून सुटलो असंही नाही. मालकाला नको असेल तर तो कायद्याच्या 30.06 या कलमाची पाटी लावू शकतो: दोन्ही भाषांत, निदान 1 इंच उंचीची अक्षरं, परवानाधारकाने लपवलेलं पिस्तूल आत आणू नये असा ठरलेला मजकूर. उघडं लावलेल्या पिस्तुलासाठी 30.07, परवाना नसलेल्यांसाठी 30.05. काही दारांवर या सगळ्या एकाखाली एक असतात आणि आत जाण्याआधी आख्खा पेपर वाचल्यासारखं वाटतं. 30.06 मोडल्याचा दंड 200 डॉलरपर्यंत, पण बाहेर जा म्हटल्यावरही थांबलात तर प्रकरण वाढतं. मालकाची जागा, मालकाची मर्जी. मी स्वतः दुकानदार आहे, मला त्यात वावगं वाटत नाही.

राहिला ग्लासाचा प्रश्न. निळ्या पाटीच्या जागी, पिस्तूल कंबरेला असताना एक बियर घेतली तर? नशेत पिस्तूल बाळगणं हा गुन्हा, आणि नशा म्हणजे रक्तात 0.08 टक्के दारू किंवा तुमचं भान सुटलेलं असणं. त्यामुळे एका बियरवर कागदोपत्री बंदी नाही. पण दुसरी व्याख्या बघा. भान सुटलं की नाही हे ठरवणार समोरचा पोलीस. मी सरळ हिशेब केलाय: प्यायची असेल त्या दिवशी पिस्तूल घरी. व्हर्जिनियातल्या मावसभावाला हा विचारच करावा लागत नाही. तिथे 2010 पासून परवानाधारकाला पिस्तूल लपवून रेस्टॉरंटमध्ये जाता येतं, पण आत असताना दारूचा थेंब घ्यायचा नाही, असं कायद्यातच आहे. मला तो कायदा जास्त स्वच्छ वाटतो.

गेल्या डिसेंबरात गावी गेलो होतो. पुतण्या जेवायला हायवेवरच्या एका हॉटेलात घेऊन गेला. दाराशी मी सवयीने थांबलो, दार पुढे-मागे करून काचेची दोन्ही अंगं बघितली. 'परमिट रूम व फॅमिली गार्डन', 'बाहेरील खाद्यपदार्थ आणू नयेत', 'उधारी बंद'.

"काका, काय शोधताय?"

"काही नाही रे, पाटी."

त्याने गल्ल्यावरच्या माणसाला हाक मारली, "अहो, टॉयलेट कुठे आहे?"