चौथी नलिका

"ही पाहा चौथी," असे म्हणत डॉक्टरांनी पडद्यावरच्या, आईच्या दाढेच्या करड्या चित्रातील एका बारीक काळ्या ठिपक्यावर बोट ठेवले, तेव्हा आईने शांतपणे विचारले, "मग मागच्या रूट कॅनालच्या वेळी ती कुठे गेली होती?"

ती कुठेच गेली नव्हती. वरच्या पहिल्या दाढेला सहसा तीन मुळे असतात. त्यांपैकी गालाकडच्या पुढच्या मुळात बहुधा दोन नलिका, म्हणजे नस जाणारे बारीक मार्ग, असतात आणि त्या एकीमागे एक असल्यामुळे साध्या एक्स-रेच्या सपाट सावलीत एकमेकींवर पडून एकच दिसतात. सीबीसीटी या त्रिमितीय एक्स-रे तपासणीचे यंत्र मात्र डोक्याभोवती फिरत शंकूच्या आकाराच्या किरणांनी अनेक प्रतिमा टिपते आणि संगणक त्यांतून दाढेचे हवे तसे आडवे-उभे छेद दाखवतो. अर्थात जुन्या धातूच्या कॅपमुळे त्यातही पांढरे पट्टे उमटतातच. आईच्या चित्रातही ते होते.

हे सगळ्यांचेच का करत नाहीत? कारण साध्या दंत एक्स-रेपेक्षा यात किरणांची मात्रा जास्त असते. अमेरिकेतील रूट कॅनाल तज्ज्ञ आणि तोंडाच्या क्ष-किरण तपासणीतील तज्ज्ञ यांच्या संघटनांनी २०१५ च्या संयुक्त निवेदनात हे तंत्र सरसकट न वापरता गरज असेल तेव्हाच आणि शक्यतो लहान भागापुरते वापरण्याची शिफारस केली आहे. मला ती पटते.

पण उपचार होऊनही दाढ पुन्हा ठणकू लागली, तर या तपासणीचा विषय रुग्णानेच काढावा लागावा का?