निळा रंग पळाला तो दिवस

आमच्या सावंतवाडीत लाकडाला रंग म्हणजे लाख. माझे सासरे, मी त्यांना बाबाच म्हणते, उभं आयुष्य लेथवर फिरणाऱ्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवत आले. घासून गरम झालं की लाख वितळते, लाकडाभोवती बसते आणि वरून केवड्याचं पान धरलं की लखलखते. पण लाखेखाली लाकूड झाकलं जातं. पांगारा असो, शिवण असो, वरून सगळं सारखंच. मला ते लाकूडही दिसायला हवं होतं.

शिवण मला फार आवडते. वजनाला हलकी, पटाशीखाली लोण्यासारखी कापली जाते, वाकणं-पिळणं कमी. दिसायला मात्र फिकट आणि अगदी साधी. प्रदर्शनात लोक माझ्या ताटल्या हातात घ्यायचे, ‘किती गुळगुळीत!’ म्हणायचे आणि परत ठेवून द्यायचे. म्हणून मी स्पिरिटमध्ये विरघळणारे रंग आणले. हा रंग लाकडावर थर धरत नाही, आत मुरतो, त्यामुळे रेषा झाकल्या जात नाहीत, उलट उठून दिसतात. वेंगुर्ल्याजवळच्या एका होमस्टेच्या बाईंनी नमुना बघून 10 इंची 12 ताटल्या सांगितल्या, अख्खी फळं मांडून ठेवायला. काठ निळा, मध्ये पिवळा. जुलै महिना होता.

जुलैत आमच्याकडे चपड्याचं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या शुद्ध लाखेचं, पॉलिश करायचं म्हणजे आभाळाकडे डोळे. हवा दमट असली की स्पिरिट उडताना पॉलिशवर दुधासारखा पांढुरका पडदा येतो. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. चौथ्या दिवशी सकाळी ऊन पडलं आणि मी चहाही अर्धा टाकून लेथवर गेले. एखाद्या फुकटच्या तुकड्यावर आधी सगळं करून बघायचं असतं, ते त्या घाईत राहिलं.

रंग लावण्याचं काम सुरेख झालं. त्याची तयारी आधीच्या तीन दिवसांत करून ठेवली होती. पॉलिश पेपर 120 पासून 400 पर्यंत, एकही नंबर न गाळता, कारण डोळ्याला न दिसणारा ओरखडा रंग बरोबर शोधून काढतो आणि तिथे गडद रेघ ओढतो. काठ आणि मध्य यांच्यामध्ये पटाशीच्या टोकाने बारीक चर पाडला होता. ताटली फिरत असताना त्या चरात सनमायकाच्या तुकड्याची कड दाबून धरली की धूर निघतो आणि चर जळून काळा होतो. काळी रेघ शोभते हे आहेच, पण तंतू तिथे तुटलेले असल्यामुळे निळा रंग झिरपत पिवळ्यात शिरत नाही. आधी पिवळा, मग निळा. शिवणीच्या पिवळसरपणामुळे निळ्यात किंचित मोरपिशी झाक आली. बाराही ताटल्या पडवीत ओळीने ठेवल्या तेव्हा मला वाटलं, ह्याच त्या.

दुपारी पॉलिश घेतलं. लेथ अगदी हळू फिरत होता. चपड्यात बुडवलेली चिंधी काठापासून आत नेली आणि चिंधीमागून निळा रंग चालत आला. चर ओलांडून पिवळ्यावर पसरला, मधोमध हिरवट गढूळ डाग. मला वाटलं चिंधी मळकी असेल. दुसऱ्या ताटलीला नवी चिंधी घेतली. तेच झालं. तिसरीला मऊ ब्रश घेतला, ब्रशच निळा झाला.

बाबा दारात उभे होते. “रंग पळालो गो!” एवढंच म्हणाले. त्यात हसणं नव्हतं. त्यांना काम फुकट गेल्याचं दुःख मला झालं तेवढंच झालं होतं.

खाली बसले तेव्हा डोक्यात आलं. रंग स्पिरिटमध्ये विरघळतो आणि चपडाही मी स्पिरिटमध्येच विरघळवला होता. मी पॉलिश लावत नव्हते, नुकताच मुरलेला रंग पुन्हा ओला करून ओढत होते. उरलेल्या नऊ ताटल्यांना मग चिंधी लावलीच नाही. चपडा पातळ केला, स्प्रेगनने धुक्यासारखा मारला, लाकूड ओलं होण्याआधी वाळेल इतका हलका. असे चार हात. रंग जागेवर राहिला. आता मी दोन रंगांच्या कामाला खाली पाण्यातला रंगच वापरते. आधी नुसत्या पाण्याने तंतू उठवून घ्यायचे, वाळल्यावर 400 नंबरने कापायचे, मग रंग द्यायचा. पावसाळ्यात वाळायला दीड-दोन दिवस जातात, पण त्यावर चपड्याची चिंधी बिनधास्त फिरते.

बिघडलेल्या तीन परत लेथवर चढवल्या. साधारण एक मिलिमीटर कातून काढला, वाटलं खाली कोरं लाकूड लागेल. ताटलीच्या दोन बाजूंना लागलंही. उरलेल्या दोन बाजूंना, जिथे तंतूंची तोंडं उघडी पडतात, तिथे रंग नळीतून उतरावा तसा खोल गेला होता. काठापासून आत दोन निळे पंखे उमटले होते, टोकाकडे विरत गेलेले, एकेक तंतू वेगळा दिसणारा. माझ्या हाताने असं काढता आलं नसतं. खरवडत राहिले असते तर ताटली पातळ झाली असती. मी त्यावर सगळीकडे पातळ पिवळा फिरवला. कोरं होतं तिथे हळदीसारखं झालं, पंखे हिरवे झाले, भाताच्या कोवळ्या रोपासारखे.

नऊ ताटल्या दुसऱ्या दिवशी वेंगुर्ल्याला गेल्या. तीन कमी का, ते बाईंना फोनवर जसं घडलं तसं सांगितलं आणि आठ दिवसांत नव्या करून दिल्या.

हिरव्या पंख्यांच्या तिन्ही घरीच आहेत. त्या संध्याकाळी बाबांनी त्यातली एक उजेडात धरून कितीतरी वेळ फिरवून पाहिली. लाखेच्या कामात त्यांनी लाकडाची रेष अशी कधी रंगात पाहिली नव्हती. मग त्यांनी कोपऱ्यातलं पांगाऱ्याचं एक ढलपं उचललं, पॉलिश पेपर मागून घेतला आणि विचारलं, “पिवळो रंग उरलो आसा काय?”