पोटात गेलेला रंग

जांभळा कोबी चिरला की बोटांना लागतो तो रंग अँथोसायनिनचा. तो कोबी उकळलेल्या पाण्यात लिंबू पिळले तर पाणी गुलाबी होते, खाण्याचा सोडा टाकला तर निळे आणि अधिक टाकला तर हिरवट. मुलांना रमवायला म्हणून दाखवला जाणारा हा प्रयोग जेवणानंतर आपल्या पोटातही चाललेला असतो.

जठरातल्या आम्लापुढे या नाजूक द्रव्याचा निभाव लागणार नाही, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात अँथोसायनिनला आम्ल चांगलेच मानवते. त्याची वाताहत होते ती पुढे, लहान आतड्यात, जिथे सामू (आम्लता दाखवणारा आकडा) सातच्या आसपास, म्हणजे आम्लही नाही नि अल्कही नाही अशा पातळीवर पोहोचतो, रेणूतले कडे उघडते आणि रंगाऐवजी साधी फिनॉलिक आम्ले उरू लागतात. जे तिथूनही निसटते त्याचा समाचार मोठ्या आतड्यातले जीवाणू घेतात. रक्तात मूळ रूपात उतरणारा अंश अगदीच थोडा. मिळतात ते बहुतेक तुकडेच, आणि गुण येत असेल तर तो कदाचित त्यांचाच. म्हणूनच वेष्टनांवर ठळक अक्षरांत छापलेल्या 'अँटिऑक्सिडंट', म्हणजे ऑक्सिडीकरणाने होणारी हानी रोखणारे द्रव्य, या शब्दाचे मला फारसे कौतुक वाटत नाही. खाद्यपदार्थांच्या, परीक्षानळीत मोजलेल्या अशा अँटिऑक्सिडंट क्षमतेची यादी अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकली. शरीरातल्या परिणामांशी त्या आकड्यांचा मेळ बसत नव्हता आणि विक्रेते मात्र त्यांचा सर्रास वापर करीत होते.

गाजराची तऱ्हा निराळी. त्यातले बीटा-कॅरोटीन हे नारिंगी रंगद्रव्य आम्लाला सहसा दाद देत नाही, पण ते पाण्यात विरघळत नसल्यामुळे पेशींच्या भिंतींतून सुटल्यावरही, पित्तरसाच्या मदतीने बनलेल्या स्निग्ध कणांत शिरल्याखेरीज त्याला आतड्याच्या अस्तरापर्यंत जाता येत नाही. कच्चे गाजर कितीही कराकरा चावले तरी, शिजवून थोड्या तेलासोबत खाल्लेले गाजर अधिक कॅरोटीन देते; टोमॅटोतल्या लायकोपीन या लाल रंगद्रव्याचेही तसेच. पालकाचा हिरवा रंग मात्र जठरातच मॅग्नेशियम गमावून मळकट होतो.

बीटाच्या बाबतीत तर माणसामाणसांत फरक पडतो. तेच बीट खाऊन एखाद्याची लघवी गुलाबी होते आणि शेजारी बसून जेवलेल्याची होत नाही. जठरातले आम्ल किती तीव्र आहे, अन्न तिथे किती वेळ रेंगाळते, यांचा त्यात वाटा असतो, आणि शरीरात लोह कमी असलेल्यांमध्ये हा प्रकार अधिक आढळतो.