ही मुलं नेमकी कुठली?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. खरं तर तुम्ही एकट्यांनीच विचारलंय असं नाही. पुण्याला आले की नातेवाईक विचारतात, इथे ऑकलंडला मंडळाच्या कार्यक्रमात पंगतीला बसलं की शेजारचे विचारतात. मी रग्बी लीग बघते, आणि न्यूझीलंडचा पासपोर्ट असूनही टोंगा-सामोआ या पॅसिफिकमधल्या बेटांच्या संघांसाठी घसा कोरडा करते, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "अहो, पण त्या संघातली निम्मीअधिक पोरं ऑकलंड नाहीतर सिडनीत जन्मलेली. शाळा तिथली, पगार तिथल्या क्लबचा. मग ती टोंगाची कशी? हा तर भाड्याचा संघ झाला!"

उलट आहे. भाडं मिळत होतं, ते सोडून ही पोरं टोंगाकडे आली. पण ते सांगायचं तर थोडं मागे जायला हवं.

आधी खेळाविषयी दोन शब्द, कारण आपल्याकडे रग्बी म्हटलं की पंधरा जणांची रग्बी युनियनच डोळ्यांपुढे येते. लीग तेरा जणांची. १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या क्लबांनी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बैठक घेऊन वेगळी चूल मांडली. भांडण मजुरीचं होतं. शनिवारी सामना खेळायला गेलं की खाणीत, गिरणीत राबणाऱ्याचा खाडा व्हायचा. त्या बुडालेल्या मजुरीची भरपाई क्लबांना द्यायची होती आणि खेळाच्या वरिष्ठ मंडळींना ते खेळाच्या शुद्धतेला बट्टा वाटत होतं. म्हणजे हा खेळ जन्मापासून कामगारांचा. पुढे सिडनी, ब्रिस्बेन, ऑकलंडच्या कामगार वस्त्यांत तो रुजला, आणि नेमक्या त्याच वस्त्यांत १९५० नंतर पॅसिफिकची माणसं राहायला आली.

ती का आली, इथे खरं उत्तर आहे. सामोआ १९१४ पासून १९६२ पर्यंत न्यूझीलंडच्या ताब्यात होतं. १९१८ मध्ये ऑकलंडहून निघालेल्या 'टलूने' जहाजातून तिथे इन्फ्लुएंझा पोचला आणि लोकसंख्येचा साधारण पाचवा हिस्सा मेला. जहाज वेळेवर अडवलं असतं तर ते टळलं असतं. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूझीलंडच्या कारखान्यांना आणि मांस गोठवण्याच्या प्रकल्पांना हात कमी पडायला लागले, तेव्हा याच बेटांवरून माणसं आणली. काम होतं तोवर कुणी कागद विचारले नाहीत. सत्तरच्या दशकात मंदी आली आणि पहाटेच्या अंधारात पोलीस दारं ठोठवायला लागले. व्हिसाची मुदत उलटून राहिलेल्यांत ब्रिटन-अमेरिकेचेही पुष्कळ होते, पण झोपेतून उठवलं गेलं ते सामोअन आणि टोंगन कुटुंबांना. त्या छाप्यांबद्दल सरकारने माफी मागायला १ ऑगस्ट २०२१ उजाडला.

आज टोंगाची लोकसंख्या लाखभर आहे, आणि न्यूझीलंडच्या २०२३ च्या जनगणनेत स्वतःला टोंगन म्हणवणारेही जवळपास तेवढेच. सामोआचंही तसंच: तिथे दोन लाखांच्या वर, इथेही दोन लाखांच्या वर. ऑस्ट्रेलियातले वेगळे. तेव्हा 'टोंगाचा खेळाडू टोंगात का जन्मला नाही' हा प्रश्न त्याला विचारण्यात अर्थ नाही. त्याच्या आजोबांना ज्यांनी कामाला बोलावलं, त्यांना विचारा.

आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. लालबागला चाळीत जन्मलेल्या, लालबागलाच म्हातारा झालेल्या माणसाला गाव विचारलं तर तो लालबाग सांगत नाही. तो कणकवली सांगतो, राजापूर सांगतो. गिरणीतल्या पगारातून त्याच्या बापाने गावी मनीऑर्डर केली, गावाच्या मुंबई मंडळाने वर्गणी काढून देवळाचा सभामंडप बांधला, शाळेवर पत्रे घातले. गणपतीला तो मिळेल त्या गाडीने जातोच. त्याला कुणी 'तू खरा कोकणातला नाहीस' असं म्हणून दाखवावं!

आमच्या शेजारी एक टोंगन कुटुंब आहे. त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी कधीच नसते, कारण तिथे निळे प्लास्टिकचे पिंप उभे असतात. वर्षभर त्यांत भर पडत राहते: मैद्याच्या पिशव्या, साखर, डबाबंद खारवलेलं मांस, साबण, शाळेचे बूट, कुणाकुणाचे कपडे. पिंप गच्च भरलं की झाकण दाबायला दोघं वर बसतात, मग त्यावर जाड मार्करने गावाचं आणि घरच्यांचं नाव लिहितात आणि ते बोटीने टोंगाच्या राजधानीला, नुकुअलोफाला जातं. घरातली थोरली मुलगी आठवड्याच्या पगारातून आधी गावचे पैसे बाजूला काढते, मग घरभाडं. देशाच्या उत्पन्नाच्या मानाने बाहेरून येणारा पैसा जगात सर्वांत जास्त असलेल्या देशांत टोंगाचं नाव वर आहे. तो पैसा असा पिंपाशेजारी उभं राहून मोजलेला असतो. त्या घरच्या आजी रविवारी चर्चहून आल्यावर अळूच्या पानांत मांस आणि नारळाचं दूध बांधून भाजतात. मी मांस खात नाही म्हणून माझ्यासाठी नुसत्या अळूची, नारळाच्या दुधातली पुरचुंडी वेगळी ठेवतात. मला लीग बघायला शिकवलं ते याच आजींनी. सहा टॅकलमध्ये, म्हणजे चेंडूवाल्याला सहा वेळा धरून पाडेपर्यंत, चेंडू पुढे न्यायचा, नाही जमलं तर तो समोरच्याला जाणार, एवढं त्यांनी शेंगदाणे मांडून दाखवलं होतं.

आता २०१७. लीगचा नियम असा आहे की आईवडील किंवा आजीआजोबांच्या नात्याने खेळाडू त्या देशाकडून खेळू शकतो. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, इंग्लंड हे पहिल्या दर्जाचे देश आणि बाकीचे दुसऱ्या. दोन मोठ्या देशांमध्ये उड्या मारता येत नाहीत, पण मोठ्याकडून खेळलेल्याला लहान देशाकडे जाता येतं. फक्त एकाच स्पर्धेच्या मधे नाही. वर्षानुवर्षं या नियमाचा अर्थ एकच होता: गुणी पोरगा मोठ्यांकडे जाणार, आणि मोठ्यांनी वगळला तर बेटाकडे येणार. फिजीतल्या सुवामध्ये जन्मलेला पेटेरो सिवोनिसेवा ऑस्ट्रेलियाकडून ४५ कसोटी खेळला आणि कारकिर्दीच्या अगदी अखेरीस, २०१३ च्या विश्वचषकात, फिजीच्या कपड्यांत दिसला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, वाटच तशी होती. बेटांच्या संघाला उरलंसुरलं मिळायचं.

२०१७ च्या विश्वचषकाआधी जेसन तौमालोलोने ही वाट उलटी फिरवली. ऑकलंडचा जन्म, पोरवयात टाउन्सव्हिलला गेलेला, २०१६ मध्ये एनआरएलच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या व्यावसायिक क्लबांच्या स्पर्धेच्या, सर्वोत्तम खेळाडूचा डॅली एम किताब विभागून मिळालेला. न्यूझीलंडचा संघ त्याच्याभोवतीच बांधला गेला असता. त्याने टोंगा निवडलं. सिडनीच्या ब्लॅकटाउनमध्ये जन्मलेल्या अँड्र्यू फिफिताने ऑस्ट्रेलियाचा संघ जाहीर होण्याच्या तोंडावर माघार घेतली आणि तोही टोंगाकडे आला. मोठ्या देशाचं मानधन बेटांच्या संघापेक्षा कितीतरी पटींनी जास्त, विजेतेपदाची शक्यताही तिकडेच. पैशावर पाणी सोडून ही माणसं आली, आणि त्यांना 'भाड्याचे' म्हटलेलं मला सहन होत नाही.

११ नोव्हेंबरला हॅमिल्टनमध्ये न्यूझीलंडविरुद्ध मध्यंतराला टोंगा २-१६ असा मागे होता. दुसऱ्या अर्धात डेव्हिड फुसितुआने तीन ट्राय केले, म्हणजे तीनदा चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवला, आणि सामना २८-२२ असा टोंगाचा झाला. त्या रात्री ऑकलंडमधल्या ओटाहुहूच्या रस्त्यांवर गाड्यांच्या खिडक्यांतून, टपावरून, डिकीतून लाल झेंडे होते. पुढच्याच आठवड्यात वेलिंग्टनला फिजीने न्यूझीलंडला ४-२ असं स्पर्धेबाहेर काढलं. एकही ट्राय न होता संपलेला, नुसत्या टॅकलांचा सामना. अनेकांना तो कंटाळवाणा वाटला. मला तो त्या स्पर्धेतला सगळ्यांत चिवट सामना वाटतो.

इंग्लंडविरुद्धची उपांत्य फेरी मी माउंट स्मार्ट स्टेडियममध्ये, आजींच्या शेजारी बसून पाहिली. सत्तर मिनिटं टोंगाच्या नावावर भोपळा. ०-२०. लोक उठून घरी जातील असं वाटलं होतं. कुणी उठलं नाही. कुठल्यातरी कोपऱ्यात एक भजन सुरू झालं आणि हळूहळू सगळं मैदान त्यात आलं. ओरडणं नव्हे, चर्चमध्ये लहानपणापासून घोटून घेतलेलं, बायकांचा सूर वेगळा, पुरुषांचा खालचा वेगळा, असं बसवलेलं गाणं. त्यानंतर शेवटच्या सात-आठ मिनिटांत तीन ट्राय झाले. २०-१८. अखेरच्या क्षणी फिफिता रेषेकडे झेपावला, मागून हात आला, चेंडू सुटला. पंचांनी टोंगाच्या हातून चेंडू पुढे पडल्याचा निर्णय दिला आणि तो व्हिडिओ पंचांकडे पाठवलाच नाही. आजींना अजून तो निर्णय मान्य नाही. मलाही नाही. निदान पाहायला हवा होता.

त्यानंतर प्रवाह फिरला. नोव्हेंबर २०१९ मध्ये ईडन पार्कवर टोंगाने ऑस्ट्रेलियाला १६-१२ असं हरवलं. तेव्हा टोंगातल्या संघटनेत आणि खेळाडूंमध्ये प्रशिक्षकावरून एवढा वाद चालला होता की संघ 'टोंगा इन्व्हिटेशनल' या नावाने उतरला होता. म्हणजे बेटांवरची संघटना धुतल्या तांदळासारखी आहे असं मी म्हणत नाही. पण मैदानावर उतरलेल्या तेरा जणांनी त्यातूनही ते करून दाखवलं.

२०२२ मध्ये सामोआची पाळी आली. पहिल्याच सामन्यात इंग्लंडने ६०-६ असा धुव्वा उडवला. चार आठवड्यांनी लंडनच्या एमिरेट्स स्टेडियममध्ये, उपांत्य फेरीत, तोच इंग्लंड समोर. २६-२६ अशी बरोबरी, मग गोल्डन पॉइंट, म्हणजे आधी गुण करील तो जिंकला, आणि स्टीफन क्रायटनने खांबांमधून लाथेने मारलेला ड्रॉप गोल. २७-२६. क्रायटनचा जन्म सामोआच्या राजधानीतला, आपियाचा, वाढला सिडनीच्या पश्चिम टोकाला माउंट ड्रुइटमध्ये. जारोम लुआई आणि ब्रायन टोओ हेही त्याच भागातले. वर्तमानपत्रांत माउंट ड्रुइटचं नाव गुन्ह्यांच्या बातम्यांखेरीज क्वचित येतं. अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने ३०-१० असं हरवलं खरं, पण विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पोचलेला पॅसिफिक बेटांचा तो पहिला संघ.

लुआई, टोओ, क्रायटन हे न्यू साउथ वेल्सकडून क्वीन्सलंडविरुद्ध स्टेट ऑफ ओरिजिन ही ऑस्ट्रेलियातल्या दोन राज्यांमधली मालिकाही खेळतात. त्यावरून 'दोन डगरींवर पाय' अशी टीका ऐकू येते. त्यांचे पाय खरोखरच दोन ठिकाणी आहेत, त्याला ते काय करणार? सिडनीने त्यांना वाढवलं आणि सामोआने त्यांच्या आईबापांना. दोन्हीचं ऋण मानणाऱ्या माणसाला एकच निवड म्हणून दटावण्यात मला काही थोरपणा दिसत नाही.

पापुआ न्यू गिनीचं मात्र वेगळं सांगायला हवं. तिथे हा राष्ट्रीय खेळ आहे आणि पोरं तिथेच जन्मतात, तिथेच खेळतात. सिंबूच्या डोंगरांतला जस्टिन ओलाम ले शहरातल्या तंत्रविद्यापीठात भौतिकशास्त्र शिकला आणि २०२० मध्ये मेलबर्न स्टॉर्मकडून एनआरएलचं विजेतेपद जिंकला. राजधानी पोर्ट मोर्सबीच्या हंटर्स संघाने २०१७ मध्ये क्वीन्सलंडची स्पर्धा जिंकली. २०२८ पासून त्या देशाचा स्वतःचा संघ एनआरएलमध्ये येतोय आणि त्यासाठी ऑस्ट्रेलिया सरकार दहा वर्षांत ६० कोटी डॉलर देणार आहे. त्यामागे चीनला त्या भागातून दूर ठेवण्याचा हिशेब आहे, हे उघड आहे. हेतू काही असो, पैसा पोचतोय.

आणि इथेच मला तुमच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटणारा मुद्दा येतो. एनआरएलमधले जवळपास निम्मे खेळाडू पॅसिफिक वंशाचे आहेत. २०२६ च्या विश्वचषकातल्या दहा पुरुष संघांपैकी पाच बेटांचे: टोंगा, सामोआ, फिजी, पापुआ न्यू गिनी आणि वीस हजारांहून कमी वस्तीचं कुक आयलंड्स. ही स्पर्धा खरं तर २०२५ मध्ये फ्रान्सला व्हायची होती. पैशाच्या अडचणीने फ्रान्सने हात वर केले आणि ती ऑस्ट्रेलियाकडे आली. थोडे सामने पोर्ट मोर्सबीला आहेत, पण आपिया आणि नुकुअलोफाच्या वाट्याला एकही नाही. टोंगा-न्यूझीलंड सामना बघायचा तर टोंगातल्या माणसाने व्हिसा काढून ऑकलंडला यायचं, नाहीतर टीव्हीसमोर बसायचं. स्टेडियम लहान, प्रकाशझोत अपुरे, हॉटेलं कमी ही कारणं मला माहीत आहेत आणि ती खोटी नाहीत. पण हवं तेव्हा ६० कोटी उभे राहतात, हेही आता सगळ्यांनी पाहिलंय. त्यातला छोटासा वाटा नुकुअलोफाच्या मैदानाला द्या आणि न्यूझीलंडला तिकडे जाऊन खेळायला लावा. आजींचं वय आता ऐंशीच्या पुढे गेलंय. सामना तिथे होणार असेल तर त्यांना घेऊन जायला मी तयार आहे.