आधी पाणी, मग तिकीट : इंदूरहून माजुलीच्या चांग घरात

इंदूरच्या माणसाला नदी भेटते ती नळातून. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटर पाइपातून, विंध्य चढून नर्मदा आमच्या स्वयंपाकघरात येते. शहरातून कान्ह वाहते, पण पाहुण्यांसमोर तिचा विषय आम्ही शक्यतो काढत नाही. नदी बघायचीच तर महेश्वर. अहिल्याबाईंचे दगडी घाट, पायऱ्या मोजत खाली जायचं, पाय बुडवायचे, वर येऊन एखादी साडी घ्यायची. नदी तिच्या जागी, आपण आपल्या. अशा सवयीच्या माणसाने खांबांवर उभ्या असलेल्या गावात जायचं ठरवलं की तयारीची पद्धतच बदलावी लागते. आपण आधी सुट्ट्या बघतो, मग तिकिटं काढतो, मग हॉटेल. माजुलीला हे सगळं पाण्यानंतर येतं.

माजुली हे आसामातलं ब्रह्मपुत्रेतलं बेट. दक्षिणेला ब्रह्मपुत्रेचा मुख्य प्रवाह, उत्तरेला खेरकुटिया सुती आणि सुबनसिरी. २०१६ साली ते स्वतंत्र जिल्हा झालं. नदीतल्या बेटाचा असा जिल्हा देशात हा पहिलाच. २०११च्या जनगणनेत तिथली वस्ती सुमारे १ लाख ६७ हजार होती आणि त्यात मिसिंग लोक मोठ्या संख्येने आहेत. मिसिंग पूर्वी आजच्या अरुणाचलच्या डोंगरांतून खाली नदीकाठी उतरले. भाषेने ते तिथल्या आदी लोकांचे जवळचे. त्यांची खांबांवरची बांबूची घरं म्हणजे चांग घर. आम्हाला राहायचं होतं ते अशा घरात, आणि तेही पर्यटकांसाठी बांधलेल्या झोपडीत नव्हे, माणसं राहतात अशा घरात.

आम्ही म्हणजे मी, नवरा आणि माझ्या मोठ्या नणंद. त्यांना आम्ही सगळे ताईच म्हणतो.

तारखेचं सांगते. जून ते सप्टेंबर विसरा. तेव्हा पूर असतो, फेरी कधी बंद होईल सांगता येत नाही आणि यजमानांना आपली उस्तवार करण्यापेक्षा महत्त्वाची कामं असतात. ऑक्टोबरच्या अखेरपासून मार्चपर्यंत ठीक. त्यातही दोन मुहूर्त. एक कार्तिकी पौर्णिमेचा रास. तेव्हा सगळं बेट कृष्णलीलेत रंगलेलं असतं आणि खोली मिळणं अवघड. दुसरा मिसिंगांचा आली-आये-लिगांग, पेरणीचा सण. तो फागुन महिन्याच्या पहिल्या बुधवारी सुरू होतो. इथे आपल्या मराठी घरातलं कॅलेंडर उघडून फाल्गुन शोधायचा नाही. आसामी महिने संक्रांतीवर चालतात, त्यामुळे त्यांचा फागुन फेब्रुवारीच्या मध्याला लागतो. आमच्या ताईंनी पंचांग घेऊन होळीच्या आसपासचा बुधवार काढून ठेवला होता. तो फोनवर यजमानांना विचारून बदलला. सणाच्या त्या दिवसांत नांगर धरायचा नाही, झाड तोडायचं नाही, असे नियम असतात. म्हणून गावातली माणसं घरीच भेटतात आणि तरुण मुलंमुली ढोल-झांजांवर गुमराग नाचत घरोघरी फिरतात.

जायचं कसं? इंदूरजवळच्या महूहून निघणारी कामाख्या एक्स्प्रेस आहे, पण ती आठवड्यातून एकदाच, आणि दोन रात्री गाडीत काढाव्या लागतात. पुढे गुवाहाटीहून जोरहाट टाउनला जनशताब्दी. विमानाने गेलात तर कोलकाता किंवा गुवाहाटीला बदलून जोरहाट. आम्ही जाताना विमान घेतलं, येताना रेल्वे. नवऱ्याच्या मते उलट करायला हवं होतं. आसामात जायला आपल्याला इनर लाइन परमिट, म्हणजे ईशान्येतल्या काही राज्यांत शिरायला लागतो तो परवाना, लागत नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण इंदुरातल्या राजवाड्याजवळच्या एका एजंटाने आम्हाला ‘परमिट’चे पैसे सांगितले होते.

जोरहाटहून निमाती घाट चौदा-पंधरा किलोमीटर. महेश्वर डोक्यात घेऊन तिथे उतरू नका. पायरी एकही नाही. वाळूचा उतार, त्यावर आडव्या टाकलेल्या फळ्या, बांबूच्या चहाच्या टपऱ्या. पाणी वर-खाली झालं की धक्का सरकतो आणि त्याच्यामागून टपऱ्याही सरकतात. फेरीत माणसं, मोटारसायकली, गाड्या, कोंबड्या, गॅसची सिलिंडरं, लग्नाचं सामान, सगळं एकत्र. २०२१च्या सप्टेंबरात निमातीजवळ दोन बोटींची टक्कर होऊन एक बोट उलटली होती. त्यानंतर एका इंजिनाच्या खासगी बोटींवर बंदी आली. म्हणून मोठी फेरी मिळेल तीच घ्या आणि लाइफ जॅकेट ‘कशाला’ म्हणून बाजूला ठेवू नका. पलीकडे कमलाबाडीच्या बाजूला पोचायला साधारण तासभर; हिवाळ्यात चापऱ्यांना, म्हणजे पात्रातल्या वाळूच्या बेटांना, वळसे घालत गेलं की जास्त. उतरल्यावरही गाव लगेच लागत नाही, आधी वाळूतून गाडी हिंदकळत जाते.

फेरीच्या वेळेवरून एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. आपल्या घड्याळात आणि तिथल्या उजेडात पुष्कळ अंतर आहे. डिसेंबरात जोरहाटकडे साडेचारला सूर्य बुडतो, इंदुरात तेव्हा आपण दुपारच्या चहाची भांडी विसळत असतो. म्हणून तर आसामच्या चहामळ्यांनी स्वतःची ‘बागान’ वेळ ठेवली, घड्याळाच्या एक तास पुढची. शेवटची फेरी दुपारीच निघून जाते. सकाळी धुकं असलं तर पहिली फेरी उशिरा सुटते. त्यामुळे परत येण्याच्या दिवशी जोरहाटहून थेट विमान किंवा गाडी ठेवूच नये, मधे एक रात्र जोरहाटला काढावी. आमच्या परतीच्या सकाळी धुकं असं पडलं होतं की फेरीवरून पाणीही दिसेना, आणि विमानाची वेळ गाठायची म्हणून एक कुटुंब घाटावर घामाघूम होत येरझाऱ्या घालत होतं.

आता घर. जमिनीपासून साधारण माणसाच्या छातीइतक्या उंचीवर चौथरा, खाली लाकडी नाहीतर बांबूचे खांब. चौथऱ्यावर बांबू फोडून, चेपून अंथरलेले. चालताना पायाखाली किंचित दबतात आणि कुरकुरतात. पहिल्या रात्री ताई भिंतीला धरून चालत होत्या, दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच जमिनीवर सूर्यनमस्कार घातले. फटींमधून वारा येतो, पडलेलं शीत खाली जातं आणि खाली कोंबड्या वाटच बघत असतात. घर लांबच लांब, मधे चूल. तिला ते मेराम म्हणतात. चुलीवर टांगलेल्या मांडवावर मासे, लाकडं, बी-बियाणं धुरात सुकत असतं. त्या धुरामुळे बांबूला कीड लागत नाही. तो धूर आपल्या कपड्यांतही बसतो, हे आधीच मान्य करून जावं.

घराखाली डुकरं बांधलेली असतात, होडी ठेवलेली असते आणि हातमाग असतो. मागाचं मला जास्त अप्रूप. महेश्वरला मी विणकरांच्या घरी जाऊन साड्या घेतलेल्या आहेत, पण तिथला माग हा धंद्याचा माग. इथे घरटी एक, आणि बायका भात शिजायला ठेवून येऊन चार ओळी विणून पुन्हा वर जातात. लाल-काळ्या चौकटींचे आणि हिऱ्यांच्या आकाराचे नमुने कागदावर काढलेले नसतात, हातातच असतात. आमच्या यजमानीण बाईंना मी विचारलं की हे कोणी शिकवलं. त्यांना प्रश्नच कळला नाही. ‘बाईदेउ, आईला बघत होते ना,’ एवढंच त्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या.

पूर आला की काय करता, हे विचारायचंच होतं. यजमानांनी खांबांवरच्या जुन्या खुणा दाखवल्या. पाणी चढायला लागलं की त्याच खांबांवर जमीन आणखी वर बांधतात. गुरं उंचावर हलवतात, केळीच्या खोडांचा तराफा दाराशी बांधून ठेवतात. काही दिवसांनी पाणी उतरतं, गाळ राहतो आणि त्यात मोहरी चांगली येते. पुराबद्दल ते आपण उन्हाळ्याबद्दल बोलतो तसं बोलत होते. चेहरा पडला तो दुसऱ्याच गोष्टीने. पूर येऊन जातो, पण नदी काठ कापते तेव्हा जमीनच जाते, आणि त्यावर खांबांचा काही इलाज नाही. १५ ऑगस्ट १९५०च्या मोठ्या भूकंपानंतर ब्रह्मपुत्रेचं पात्र गाळाने वर आलं आणि काठ खाणं वाढलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाराशे चौरस किलोमीटरहून मोठं असलेलं हे बेट आता त्याच्या निम्म्याहूनही लहान आहे. माझ्या डोक्यात निमाडातलं नर्मदाकाठचं चिखलदा गाव आलं. २०१९ मध्ये सरदार सरोवर भरलं तेव्हा पाण्याखाली गेलेलं. ते पाणी मात्र उतरायला आलंच नव्हतं.

जेवणाबद्दल इंदूरचा माणूस आधी विचारतो, म्हणून लिहिते. मिसिंग जेवणात डुक्कर, कोंबडी, मासे भरपूर. शाकाहारी असाल तर खोली ठरवतानाच सांगा, आयत्या वेळी नको. आम्हाला पानात बांधून शिजवलेला भात मिळाला, लाई साग म्हणजे मोहरीच्या जातीचा पाला, ढेकिया साग म्हणजे नेच्याचे कोवळे कोंब, ओ टेंगा हे आंबट फळ घातलेली डाळ. ताई त्या डाळीवर इतक्या खूश की येताना ओ टेंगाचं फळ पिशवीत घालून आणलं, आणि आता घरात ते चिंचेसारखं वापरायचं की आमसुलासारखं यावर वाद चालू आहे. तांदळाची दारू, अपोंग, घरोघरी होते. पांढरी एक आणि भाताच्या तुसाची राख घालून केलेली काळपट एक. नवऱ्याने काळपट अपोंग आमच्या लौंग शेवेबरोबर घेतली आणि यजमानांना ती शेव इतकी आवडली की पाहुणचाराचा हिशोब तिथेच फिटला असं त्याचं म्हणणं. शेव जास्त न्या, ती सगळीकडे चालते.

बाकी बेटावर पाहायचं थोडक्यात. पंधराव्या-सोळाव्या शतकात शंकरदेव-माधवदेवांनी घातलेल्या वैष्णव परंपरेचे मठ, म्हणजे सत्र. आउनीआटी, कमलाबाडी, दक्षिणपाट. नामघरात, म्हणजे प्रार्थनेच्या सभागृहात, बहुधा मूर्तीऐवजी सिंहासनावर ग्रंथ. ताईंना टाळांचा आणि खोल या मृदंगासारख्या वाद्याचा नाद ऐकून आपल्या भजनाचीच आठवण झाली आणि त्या तिथून हलेनात. सामगुडी सत्रात बांबू, माती, शेण आणि कापडाचे मुखवटे करतात. त्या मुखवट्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सालमोराला कुंभार चाकाशिवाय, हाताने थापून मडकी घडवतात. हे सगळं एका दिवसात ‘उरकून’ देणाऱ्या गाड्या मिळतात. घेऊ नका. सायकल किंवा स्कूटर भाड्याने घ्या.

खोली ठरवताना मी काय विचारलं ते सांगते, कारण फोटोंवरून काही कळत नाही. नदीकाठच्या बांबूच्या झोपड्या छानच असतात, पण त्यात चूल नसते आणि शेजारी माणसंही नसतात. चांग घर कोणाचं आहे, तिथे कोण राहतं, जेवण त्यांच्याच चुलीवर होतं का, हे विचारा. संडास-न्हाणीघर बहुधा खाली, घरापासून वेगळं असतं. तिथे दिवा आहे का ते विचारा आणि विजेरी न्याच. रोख पैसे जोरहाटलाच काढून ठेवा. फेब्रुवारीतही रात्री चांगलं थंड असतं आणि फटींतून वारा खालून येतो, म्हणून पांघरुणाइतकंच अंथरुणाकडे लक्ष द्या.

रामबागेतल्या मावशीने हे सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला, ‘काय गं, माझे गुडघे चढतील का तुझ्या त्या घरात?’ मावशी, जुन्या घरांना एका ओंडक्यात खाचा पाडून केलेली शिडी असते. ती तुला जमणार नाही, मलाही हात धरूनच जमली. पण आता बऱ्याच घरांना रुंद फळ्यांचा जिना आणि बांबूचा कठडा असतो. यजमानांकडून जिन्याचा फोटो मागव. तुझ्यासाठी रासाच्या वेळचं विचारून ठेवते, पण जोरहाटला मधली रात्र काढायची कबूल असेल तरच.