तळाशी उरलेले 73 मीटर

मध्य हिंद महासागराच्या खोऱ्यात, विषुववृत्ताच्या थोडे दक्षिणेला आमचे जहाज उभे होते. तळावरून परतणाऱ्या ध्वनीवरून, पाण्यातील ध्वनिवेगाची दुरुस्ती केल्यानंतर, तळाची खोली 5000 मीटर आली होती. पाण्याची वाहकता, तापमान आणि दाब मोजणारे सीटीडी नमुन्यांच्या बाटल्यांच्या चौकटीसह एवढे खाली जायला दीड तास लागतो. शेवटच्या शंभर मीटरांत विंच, म्हणजे तार सोडणारे यंत्र, अगदी सावकाश सोडावी लागते, कारण चौकट तळावर टेकली तर तार सैल पडून तिला पीळ बसतो आणि उपकरण गमावण्याचीही वेळ येते.

दाब 5000 डेसिबारवर (एक डेसिबार म्हणजे साधारण मीटरभर पाण्याचा दाब) पोहोचला, तेव्हा पाळीवरच्या तरुण सहकाऱ्याने विंच थांबवली. दाबावरून खोली काढण्याच्या त्याच्या तक्त्यानुसार उपकरण 4988 मीटरवर, म्हणजे तळापासून 12 मीटरवर होते. चौकटीवरचा, तळापासूनचे अंतर मोजणारा अल्टिमीटर मात्र 85 मीटर दाखवत होता.

“मॅडम, अल्टिमीटर बिघडलाय. शिवाय 4000 च्या खाली तापमान वाढतंय, म्हणजे तो सेन्सरही गेला असणार.”

दोन्ही उपकरणे बरोबर होती. चूक तक्त्यात होती. त्यात पाण्याची घनता वरपासून तळापर्यंत 1025 किलो प्रति घनमीटर धरली होती. प्रत्यक्षात त्या खोलीवर एक घनमीटर पाणी सुमारे 1050 किलो भरते. तेच पाणी उष्णता न देता-घेता पृष्ठभागावर आणले, तर ते 1028 च्या आसपास येईल. उरलेले बावीसएक किलो केवळ वरच्या पाण्याच्या दाबाचे. वरपासून तिथपर्यंतची सरासरी घनता 1040 च्या जवळपास येते आणि त्यानुसार खोली 4915 मीटर ठरते. तापमानाचे कारणही तेच. दाबले गेलेले पाणी किंचित तापते, आणि पाच किलोमीटरवर ही वाढ सुमारे 0.4 अंशाची असते. ती वजा करून काढलेले विभवी तापमान मी पडद्यावर लावले, तेव्हा रेषा तळापर्यंत निमूटपणे उतरत गेली. दोन स्वतंत्र सेन्सर एकाच वेळी, एकाच चालीने बिघडत नाहीत, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. त्याला मी दोष देत नाही. पाणी दाबले जात नाही, असे आपण शाळेपासून घोकून घेतो. ते खरे असते तर जगभरची समुद्रपातळी आजच्यापेक्षा तीसएक मीटर उंच असती.

अल्टिमीटरवर नजर ठेवून आम्ही चौकट आणखी खाली सोडली आणि तळापासून दहा मीटरवर पहिली बाटली बंद केली.

मला अस्वस्थ करते ते पुढचे. हा तक्ता आधीच्या सफरीतून आला होता आणि त्या सफरीतल्या खोल स्थानकांवर, म्हणजे मोजमापाच्या ठिकाणी, उपकरण त्याच्याच भरवशावर थांबवले गेले होते. दाबाच्या मूळ नोंदी सुरक्षित असल्याने खोली नव्याने काढता आली, पण तळालगतचा सत्तरएक मीटरचा थर तिथे मोजलाच गेलेला नाही. अंटार्क्टिकाकडून येणारे सर्वांत थंड पाणी याच थरात पसरते आणि त्याचे तापणे दशकाला अंशाच्या शतांशांत मोजावे लागते. त्या स्थानकांचे सर्वांत खालचे आकडे ‘तळाचे तापमान’ या रकान्यात ठेवू नयेत, असे मी लेखी कळवले आहे. रकाना रिकामा दिसेल, एवढ्याच कारणावरून त्याला अजून विरोध होतो आहे.